गिझरला बसवलेलं बूच

आमच्या न्हाणीघरातला गिझर त्या हिवाळ्यात ठिबकायला लागला, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पहाटे साडेचारला उठून गिझर लावायचा, साडेपाचला माझे सासरे, म्हणजे आबा, अंघोळीला जायचे, ते बाहेर आले की बंद करायचा. मग डबा, मग लोणावळ्याची शाळा. मी सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या भाजे गावातून मळवली स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि गाडीनं एक स्टेशन पुढं. या सगळ्यात गिझरच्या पोटाखालच्या पितळी नळीतून पडणारे थेंब ही काही काळजीची गोष्ट नव्हती.

आबांना दिसत नाही. काचबिंदूनं आधी कडेकडेचं गेलं, मग मधलंही गेलं. तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर बॉयलर सांभाळत होते. निवृत्तीनंतर चार वर्षांत डोळे गेले. घरातल्या वाटा त्यांना पाठ होत्या. अंघोळ झाली की भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत यायचे आणि बुद्धवंदना म्हणायचे, त्यात कधी खंड पडला नाही. सासूबाई गेल्यापासून आमचं दोघांचं बोलणं कामापुरतं असायचं. चहा ठेवलाय. डोळ्यांत औषध घातलं का. त्यापलीकडे त्यांना काही विचारावं असं माझ्या मनात येत नसे. एकदा ते म्हणाले होते, "पानी लय कडक येतंय अलीकडं." मी म्हणाले, "थंड जास्त मिसळून घ्या." विषय तिथंच संपला.

गिझर न्हाणीच्या दाराशेजारच्या भिंतीवर होता. थेंब दारातच पडत. एका सकाळी आतून बादली आपटल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर आबा नळाला धरून अर्धवट बसलेले, कोपर सोललेलं. ओल्या फरशीवरून पाय सरकला होता. मी त्यांना उठवलं. ते एवढंच म्हणाले, "हितं दारात रोज पानी कशाला असतंय?"

कोपराला हळद लावताना मी मनाशी ठरवलं, आता ही गळती थांबवायचीच.

माझा नवरा नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "जुना झालाय. पुढच्या महिन्यात नवा घेऊ." मला पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नव्हतं. गावात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या देणारी बरीच घरं आहेत. त्या सगळ्यांचं नळकाम करणारा एक प्लंबर आहे, त्याला बोलावलं. त्यानं टॉर्च मारून पाहिलं, खालचा पितळी व्हॉल्व्ह बदलला आणि गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब. मी पुन्हा फोन केला.

संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "मॅडम, हे असं गळणारच. म्हणत असाल तर ह्याच्या तोंडालाच प्लग मारतो. आणखी दोन-तीन ठिकाणी मारलाय, एक थेंब येत नाही."

"मारा," मी म्हणाले.

पाच मिनिटांचं काम. मी त्याला चहा दिला, आभार मानले. पुढचे दोन दिवस दारातली फरशी कोरडी होती आणि मी स्वतःवर खूश होते. गरम पाण्याचा नळ तेवढा ठिबकायला लागला होता. तो मी घट्ट पिळून बंद केला.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सवयीनं साडेचारला उठून गिझर लावला आणि मग लक्षात आलं, आज शाळा नाही, आबाही आज उशिरा उठणार. पुन्हा जाऊन आडवी झाले आणि डोळा लागला.

खांद्याला हात लागला म्हणून जागी झाले. समोर आबा, खांद्यावर कोरडा टॉवेल, अंगात कालचाच शर्ट. सहा वाजले होते. इतक्या वर्षांत ते कधी आमच्या खोलीत आले नव्हते.

"सूनबाई, ऊठ. मेन बंद कर."

"काय झालं?"

"आदी बंद कर, मंग इचार."

आवाज मोठा नव्हता, पण मी तशीच पडवीत जाऊन मेन स्विच ओढला. आबा भिंतीला धरून माझ्यामागून आले. "न्हाणीचं दार वढून घे. आत पाय टाकू नको. चल भायेर."

आम्ही अंगणात आलो. न्हाणीच्या खिडकीच्या काचपट्ट्यांमधून आवाज येत होता. भरल्या पातेल्यावर झाकण थरथरावं तसा, पण खोल, आणि त्यात मधूनच फुस्स असं काहीतरी.

"ते भांडं घुमतंय," आबा म्हणाले. "मी दारात पाय ठेवला आन् ऐकलं. काय केलं त्याला?"

"गळत होतं ते बंद केलं. प्लंबरनं बूच मारलं."

"कुटं?"

"खालच्या पितळी नळीला."

"ज्याच्यातनं थेंब पडत व्हते, तितंच?"

"हो."

आबा चाचपडत पायरीवर बसले. मग म्हणाले, "धा वाजेस्तोर कुनी आत जायचं न्हाई. नळाला बी हात लावायचा न्हाई."

"गरम नळ थोडा सोडला तर दाब कमी होईल ना?"

"तोंडावर वाफ घ्यायची आसंल तर सोड. आतलं आता नुसतं पानी न्हाई. गार हू दे आपापलं."

मी शाल ओढून त्यांच्याजवळ उभी राहिले. तापलं की पाणी फुगतं, दाब वाढला की शंभर अंशांनाही उकळत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. प्रेशर कुकरचं चित्र काढते, शिट्टीला बाण काढून तिचं काम लिहिते. आणि माझ्याच घरात, ज्या माणसाला धड पळताही येणार नाही त्याच्या डोक्यावर मी तसा कुकर शिट्टी बंद करून टांगला होता.

"मला कळायला हवं होतं," मी म्हणाले.

धुक्यातून स्टेशनकडच्या गाडीचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "मी बी केलतं एकदा."

"काय?"

"आमच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारका उडायचा. वाफ वाया जातीया म्हनून सायेब रोज बोलायचा. मी त्याची स्प्रिंग आवळली. दोन दिस गप बसला. तिसऱ्या दिशी खालच्या जोडाचं पॅकिंग फाटलं आन् वाफ भायेर उडाली. मी चहाला गेलतो. माज्या जागी जो हुबा व्हता त्याचा हात भाजला, खांद्यापातुर."

"मग?"

"जगला तो. पन त्या हातानं त्यानं परत फावडं धरलं न्हाई. पॅकिंग जुनं व्हतं असं लिवलं समद्यांनी. मी स्प्रिंग आवळल्याचं कुनाला सांगितलं न्हाई. तुज्या सासूला बी न्हाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आठच्या सुमाराला नवरा रात्रपाळी करून आला, तेव्हा आम्ही दोघं तसेच पायरीवर बसलेलो होतो. आत न जाता त्यालाही आबांनी तिथंच बसवलं.

दहा वाजता आम्ही आत गेलो. आवाज थांबला होता. गिझरचं पांढरं आवरण खालच्या बाजूनं फुगलं होतं, आणि जिथं पूर्वी कधी ओल नव्हती तिथून, आवरणाच्या शिवणीतून, तांबूस पाणी ओघळून भिंतीवर रेघ उमटली होती. नवरा म्हणाला, "आजच काढून टाकू. नवा आणू."

"नवा आणूच," मी म्हणाले. "पण आधी कळू दे, मुळात का गळत होतं ते."

"कशाला? भंगारात तर द्यायचाय."

"कारन कळल्याबिगर नवं लावलं, तर नव्याला बी तीच गत," आबा म्हणाले. "फकस्त ह्याला परत तापवायचं न्हाई. एकदा तानलेल्या भांड्याचा भरवसा न्हाई."

मग तपास सुरू झाला. प्रश्न आबांचे, डोळे माझे, हात नवऱ्याचे. नवऱ्यानं आधी बूच काढून टाकलं. दप्तरातून मी खडू आणले. प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर खडू घासला. ओल आली तर खडू काळपट होतो. गिझर बंद, पाण्याची लाइन मात्र चालू. संध्याकाळपर्यंत दर तासाला मी जाऊन पाहिलं आणि आबांना सांगितलं. थंड पाण्याची नळी पांढरी. गरमची नळी पांढरी. पितळी नळीच्या तोंडाखाली ठेवलेला मग कोरडा. ओली फक्त ती सकाळी फाटलेली शिवण.

"म्हंजी गार असताना गळत न्हवतं," आबा म्हणाले. "तापल्यावरच पडत व्हतं. थोडं पडनारच, त्याचं ते कामच हाय. पन तू म्हनतीस दारात थारोळं व्हायचं. तांबडी लाइट कवा जाती?"

"कुठली?"

"पानी तापलं की तांबडी लाइट आपसूक जाती. मला दिसत न्हाई. तू बघितली कवा गेल्याली?"

मी आठवून पाहिलं. रोज साडेपाचनंतर मी बटण बंद करायचे आणि लाइट जायची. त्याआधी ती स्वतःहून गेलेली मी एकदाही पाहिली नव्हती. हिवाळा लागला तसा गिझर पाऊण तासाऐवजी तासभर चालायला लागला होता. पाणी कडक येतंय हे आबांनी सांगितलं होतं, आणि मी त्यांना थंड पाणी मिसळायला सांगितलं होतं.

नवऱ्यानं खालचं झाकण उघडून थर्मोस्टॅट ओढून काढला. पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा लांब दांड्याचा तुकडा. त्याच वेळी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. थर्मोस्टॅट बिघडलाच तर शेवटचा बचाव म्हणून आत एक कटआउट असतो. त्याच्या दोन्ही तारा कुणीतरी सरळ एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. दोन वर्षांपूर्वी गिझर दुरुस्त करून घेतला होता. तेव्हा तो चालू झाला याच आनंदात आम्ही होतो.

सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेतून मी थर्मामीटर मागून आणला. रात्रपाळीला जायच्या आधी नवऱ्यानं गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅटचा दांडा त्यात बुडवला आणि वरच्या दोन टोकांना मीटर लावला. जोड चालू असेपर्यंत मीटर वाजतो. आबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, मान एका बाजूला कललेली.

"चाळीस," मी म्हणाले. मीटर वाजत होता.

"पन्नास." वाजत होता.

"साठ. पासष्ट."

"आता टक् व्हायला पायजे," आबा म्हणाले.

झालं नाही. सत्तर झाले, ऐंशी झाले, पाण्याला आधण आलं, मीटर तसाच वाजत राहिला. आबांनी हात वर केला. "बंद करा. चिकटलाय. त्याला तापल्यालं कळतच न्हाई."

नवऱ्यानं ताडून पाहायला कामशेतहून आणलेला नवा थर्मोस्टॅट त्याच पाण्यात धरून पाहिला. पाणी थोडं निवू दिलं होतं, मग पुन्हा तापवलं. बासष्टला स्पष्ट टक् आवाज आला आणि मीटर गप्प झाला. आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्या घरात बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. "ह्यो बरूबर," ते म्हणाले.

नवा गिझर आला. तो बसवायला त्याच प्लंबरला बोलावलं. फुगलेलं आवरण त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मी मनानं नव्हता मारला. तुम्हीच म्हणालात, मारा."

"हो, मीच म्हणाले," मी म्हणाले. "माझी चूक आहेच. आता या नव्याला ह्या तोंडापासून खाली कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत नळी लावा. थेंब पडू देत, पण दारात नको."

त्यानं नळी लावली. तो हत्यारं गोळा करत असताना आबांनी विचारलं, "आनि कुटं कुटं मारल्यात बुचं?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तीन ठिकाणी, आबा."

"चल. आत्ताच जाऊ."

"आता? अंधार पडेल. उद्या करतो मी."

"उद्याचं मी काई सांगू शकत न्हाई, तू बी न्हाई," आबा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

मी त्यांचा हात धरला. पहिलं घर गल्लीच्या टोकालाच होतं. तिथल्या मावशी दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांनी काही विचारलं नाही. "पावनं म्हनायचे पानी ठिबकतंय, म्हनून लावलं बया," एवढं बोलून त्यांनी स्वतःच स्टूल आणून दिलं. दुसरं घर डोंगराकडच्या चढावर, मोठा बंगला. तिथला राखणदार फाटकातच अडून उभा राहिला. मालकाला विचारल्याशिवाय कशाला हात लावू देणार नाही म्हणाला, आणि त्याचंही बरोबर होतं. मी समजावून सांगितलं, दाब, वाफ, सगळं. तो नुसता मान हलवत राहिला.

तेव्हा आबा पुढं झाले. "बाबा, माज्या हातनं एक मानूस भाजलाय. वाफ जायची वाट अशीच आवळून. तुज्या आवाजावनं वाटतंय, तो तुज्याच वयाचा व्हता."

हे त्यांनी प्लंबरसमोर, त्या अनोळखी माणसासमोर, माझ्यासमोर, सरळ सांगितलं. राखणदारानं फाटक उघडलं.

तिसऱ्या बंगल्याला कुलूप होतं. मालक पुण्याचे. फोनवर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." शनिवारी तिथं पाहुणे येणार होते. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "आजवर काही झालं नाही ना?" मी म्हणाले, "शनिवारी मी फाटकाशी उभी राहीन आणि येणाऱ्यांना गिझर लावू नका म्हणून सांगेन." त्यांना ती धमकी वाटली. मी जे करणार होते तेच सांगितलं होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी थेट तिथं गेले. दुपारी दोन गाड्या आल्या, त्यात दोन लहान मुलं होती. मी त्यांना सांगितलं. आधी त्यांना मी कुणी भांडखोर शेजारीण वाटले असणार. मग त्यातल्या एक बाई खाली उतरल्या, माझ्याबरोबर आत आल्या आणि नळीच्या तोंडावरचं बूच त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. त्यांनीच मालकांना फोन लावला. मालकांनी आधी आवाज चढवला, मग मला फोन द्यायला सांगितलं. "तुमच्या त्या प्लंबरला पाठवा," एवढंच म्हणाले. मी त्याला फोन केला. तो वीस मिनिटांत आला आणि बूच काढून गेला.

आता गावात कुणाचा गिझर ठिबकला की आधी आबांना विचारतात. मी त्यांना घेऊन जाते. ते दारात उभे राहून ऐकतात, नळीला हात लावतात, लाइट गेली का विचारतात. कधी कधी खरंच टाकी सडलेली असते, तेव्हा तसं सांगतात. घरीही आमचं बोलणं वाढलंय. सातवीचा उष्णतेचा धडा मी आदल्या संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते आणि ते मधे मधे अडवतात.

त्या भाजलेल्या माणसाचं मी त्यांना एकदा विचारलं. "सुदुंबरे गावचा," ते म्हणाले. "असंल अजून. माज्यापरीस ल्हान व्हता."

"जायचं का त्यांच्याकडे? मी येते बरोबर."

"बघू," म्हणाले.

अजून गेलेलो नाही. मी पुन्हा विचारणार आहे.